कुमारप्पांचा स्थायी अर्थविचार आणि खनिजांची निर्यातबंदी : एक समीक्षा

वर्ध्याची मगनवाडी हे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र. संघाचे संघटक जे. सी. कुमारप्पा यांनी जबलपूरच्या तुरुंगात ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ लिहिला व १९४५ मध्ये त्यास महात्मा गांधींची प्रस्तावना लाभली. खनिजांच्या निर्यातीवर देशोदेशी निर्बंध येत असताना या ग्रंथातील मूलभूत सिद्धांताची फेरतपासणी आवश्यक ठरते.

कुमारप्पांनी नैसर्गिक संपत्तीचे दोन प्रकार मानले. कोळसा, खनिज तेल, लोखंड, तांबे ही साठ्याची संपत्ती होय. वाहते पाणी व वाढते वन ही प्रवाहाची. साठा मर्यादित असल्याने त्यावर उभारलेली अर्थव्यवस्था स्पर्धेस व अखेरीस युद्धास कारणीभूत होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अलीकडील घटना त्यास पुष्टी देतात. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात थांबविली. चीनने २०२३ मध्ये गॅलियम, जर्मेनियम व ग्राफाइट, तर एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये निर्यात-परवान्याच्या कक्षेत आणली. परिणामी अनेक देशांतील मोटार उद्योगास चुंबकांची टंचाई भासली.

तथापि सिद्धांताच्या मर्यादाही येथेच स्पष्ट होतात. दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये नावाप्रमाणे दुर्मिळ नाहीत. केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनारी वाळूतील मोनाझाइटमध्येही ती आहेत. टंचाई साठ्यापेक्षा शुद्धीकरणाच्या क्षमतेची अधिक आहे. दुसरे असे की, वारा हा प्रवाह असला तरी अनेक पवनचक्क्यांच्या जनित्रांना निओडिमियमचे चुंबक लागतात; म्हणजे प्रवाहाच्या वापरासाठीही साठा अपरिहार्य ठरतो. शिवाय कोळसा जळून संपतो, धातू मात्र पुन्हा वितळविता येतो. या दोहोंना एकाच वर्गात ठेवणे अपुरे आहे.

कच्चा माल जेथे निपजतो तेथेच त्यावर प्रक्रिया व्हावी, हा कुमारप्पांचा आग्रह मात्र आजही टिकतो. हिंगणघाटचा कापूस परदेशी गिरण्यांकडे जाई आणि विलायती कापड येथील बाजारात येई, हा वर्धा जिल्ह्याचा अनुभव त्यामागे उभा आहे. इंडोनेशियाचे समर्थनही याच धर्तीचे आहे. परंतु तेथे उभे राहिले ते कोळशावर चालणारे प्रचंड कारखाने, ग्रामोद्योग नव्हेत. म्हणून निर्बंधाचे मूल्यमापन केवळ देशाच्या उत्पन्नावरून न करता, खाणीलगतच्या माणसाच्या हाती काय उरले यावरून करावे लागेल. कुमारप्पांच्या वर्गीकरणात दुरुस्ती हवी. त्यांचा निकष मात्र अबाधित आहे.