मेलोट्रॉनची संहिता : आभासी वाद्ये आणि प्रोग्रेसिव्ह रॉकचा नाद

लुप्त झालेल्या भाषेची पुनर्रचना करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकास नवा नाही. तिचे ध्वनी निश्चित केले, तिचा शब्दसंग्रह जमविला, म्हणजे भाषा हाती आली काय? हाच प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत एका निराळ्याच क्षेत्रात उभा राहिला आहे. ब्रिटनमध्ये साधारणतः १९६७ ते १९७६ या काळात ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या नावाने जो संगीतप्रकार बहरला, त्याचा विशिष्ट नाद संगणकातील आभासी वाद्यांच्या साहाय्याने पुन्हा निर्माण करण्याचा उद्योग आज सर्वत्र चालू आहे. स्टाईनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ साली ‘व्हीएसटी’ ही पद्धती प्रचारात आणली आणि १९९९ मधील तिच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ध्वनिसंस्कारांप्रमाणेच वाद्येही संगणकात बसविता येऊ लागली. तेव्हापासून किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस, इमर्सन लेक अँड पामर या मंडळींची दुर्मिळ व अवजड वाद्ये कोणाही विद्यार्थ्याच्या मेजावर येऊन बसली आहेत. ती खरी वाटतात की नाही, याची चर्चा पुष्कळ होते. आमच्या मते तो प्रश्नच अपुरा आहे. आणि तो अपुरा का, हे मेलोट्रॉन या एका वाद्याच्या उदाहरणाने जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशाने होत नाही.

मेलोट्रॉन हे वाद्य १९६३ साली बर्मिंगहॅम येथे ब्रॅडली बंधूंनी सिद्ध केले. त्याची मूळ कल्पना अमेरिकेतील हॅरी चेंबरलिन यांची. बाहेरून ते पेटीसारखे पट्ट्यांचे वाद्य दिसते. परंतु प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय ध्वनिफितीचा एक स्वतंत्र तुकडा असतो. पट्टी दाबली की तो तुकडा फिरत्या दांड्यावर व ध्वनिवाचकावर दाबला जातो आणि त्यावर आधीच मुद्रित केलेला व्हायोलिनचा, बासरीचा अथवा गायकवृंदाचा तेवढाच एक स्वर ऐकू येतो. १९७० साली निघालेल्या ‘एम ४००’ या प्रकारात अशा पस्तीस पट्ट्या व पस्तीस फिती असून प्रत्येक फितीवर शेजारी शेजारी तीन वाद्यांचे स्वर असतात. फीत सुमारे आठ सेकंद चालते. ती संपली की स्वर संपला. बोट उचलावयाचे, फीत स्प्रिंगच्या ओढीने मागे जाऊ द्यावयाची आणि मग पुन्हा पट्टी दाबावयाची. चक्राकार फीत या यंत्रात नाही. ही आठ सेकंदांची मर्यादा वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील सारे विवेचन तिच्याभोवती फिरणार आहे.

म्हणजे मेलोट्रॉन हे स्वतःच एक आभासी वाद्य होते. वाद्यवृंदावाचून वाद्यवृंद ऐकवावा हा त्याचा हेतू, आणि ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेने आपल्या पोटावर पाय येणार या भीतीने त्याला विरोधही केला होता. ती भीती फोल ठरली, कारण अनुकरण फसले. दांड्याच्या गतीत सूक्ष्म चढउतार होत, शेजारच्या दोन फिती एकमेकींशी पूर्णपणे जुळत नसत, आणि तीन व्हायोलिनवादकांचा तो स्वर दुरून, धुक्यातून आल्यासारखा भासे. बीटल्सच्या १९६७ मधील ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’मधील बासऱ्या, त्याच वर्षीचे मूडी ब्लूजचे ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’, आणि १९६९ चा किंग क्रिम्सनचा पहिला संग्रह ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ यांमध्ये श्रोत्यांना जे भावले ते व्हायोलिन वा बासरी नव्हे. अनुकरणाचा जो भाग फसला, तोच त्यांना भावला. अपभ्रंश हा बिघडलेले संस्कृत नसून स्वतंत्र भाषा आहे, हे विद्यार्थ्यांना शिकविताना जी दृष्टी द्यावी लागते, तीच येथे लागते.

आता या वाद्याचे आभासी रूप घडवावयाचे तर प्रमाण कोणते मानावे? येथे संपादनशास्त्राचा प्रश्न येतो. कारखान्यातील मूळ फीत, तिच्यावरून वाद्यात घालण्यासाठी काढलेली प्रत, वर्षानुवर्षे झिजलेली तीच प्रत, त्या प्रतीचे मुद्रणगृहातील आठपदरी फितीवर उतरलेले रूप, आणि शेवटी घराघरांत वाजलेली तबकडी, अशी ही पाठपरंपरा आहे. किंग क्रिम्सनच्या उपर्युक्त संग्रहात मेलोट्रॉनचे थरावर थर चढविले आहेत. पदर आठच असल्यामुळे आधीचे थर एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवावे लागले आणि प्रत्येक उतरणीत नादाची थोडी हानी झाली. २००९ साली स्टीव्हन विल्सन यांनी या संग्रहाचे नवे मिश्रण केले तेव्हा ते या एकत्रीकरणापूर्वीच्या मूळ फितींपर्यंत गेले. मराठी संहितेच्या अभ्यासकास येथे शके १५०६ मधील एकनाथांच्या ज्ञानेश्वरी-शुद्धीची आठवण व्हावी आणि राजवाड्यांनी जुन्या पोथीच्या आधारे १९०९ साली लिहिलेल्या ज्ञानेश्वरीच्या व्याकरणाचीही. मूळ पाठ आणि परंपरेने स्वीकारलेला पाठ या दोहोंचे हक्क वेगवेगळे असतात. एक बाजूला सारून दुसरा स्वीकारता येतो. पण निवड केली आहे हे तरी संपादकाने सांगावे लागते.

२००० साली निघालेल्या ‘एम-ट्रॉन’ या आभासी वाद्याचे श्रेय हे, की त्याच्या कर्त्यांनी ही निवड बऱ्याच विवेकाने केली. फितींचे स्वर जसे होते तसे, त्यांच्या खरखरीसकट व बेसूरपणासकट, त्यांनी घेतले आणि आठ सेकंदांची मर्यादाही कायम ठेवली. पुढे आलेल्या कित्येक संचांत मात्र स्वर स्वच्छ धुऊन घेतलेले आढळतात व ते हवे तितके लांबविण्याची सोयही असते. पुष्कळदा खरखर हा स्वतंत्र संस्कार म्हणून एका खटक्यावर ठेवलेला असतो. आधी शुद्ध पाठ सिद्ध करावयाचा आणि मग वरून जीर्णपणाचा लेप द्यावयाचा, हा प्रकार आम्हांस पोथीवर चहाचे पाणी शिंपडून ती जुनी भासविण्यासारखा वाटतो.

तथापि पाठाची शुद्धता हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. ‘एम-ट्रॉन’सारखे प्रामाणिक वाद्यही प्रत्येक पट्टीचा स्वर एकेकटा मुद्रित करून घेते. शब्दकोशात शब्द असतो तसा तो स्वर असतो, सुटा व विकारहीन. वाहत्या बोलण्यात शब्द शेजाऱ्यास भेटला की संधी होतो. मेलोट्रॉनमध्येही तो होत असे. पस्तीस फितींना फिरविणारा दांडा एकच. पाचसहा पट्ट्या एकदम दाबल्या की त्याच्यावरील भार वाढे आणि सारा स्वरसंघात किंचित खाली झुके. तो झोल कोणत्याही एका फितीत नव्हता. तो स्वरांच्या भेटीत होता. सुटे नमुने कितीही काळजीने गोळा केले तरी त्यांत तो सापडणे शक्य नाही, कारण तो तेथे नाहीच.

याच्याशी हॅमंड ऑर्गनची तुलना उद्बोधक ठरते. १९५४ पासून विकल्या गेलेल्या बी-३ या प्रकारात एक्याण्णव दातेरी चक्रे फिरत असतात व अनेक पट्ट्या तीच चक्रे वाटून घेतात. त्यातील ‘पर्कशन’ या योजनेचा नियम असा की आघात फक्त पहिल्या स्वरास मिळतो. एक जरी पट्टी दाबलेली राहिली तरी पुढील स्वर आघाताशिवाय येतात. हा सरळसरळ परिसरनिष्ठ नियम आहे, पाणिनीच्या सूत्रात मांडता येईल असा. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे ‘बी४’ हे आभासी ऑर्गन २००० साली आले. त्याने नमुने साठविण्याऐवजी चक्रांची घडण गणिताने मांडली, म्हणजे कोशाऐवजी व्याकरण लिहिले. ऑर्गनचे अनुकरण मेलोट्रॉनच्या अनुकरणापेक्षा वादकांना लवकर पटले, याचे कारण आमच्या समजुतीप्रमाणे हेच आहे. लेस्ली या फिरत्या ध्वनिक्षेपकाबाबतही तेच. त्याचा वरचा कर्णा वेग चटकन घेतो, खालचे पिंप जड असल्यामुळे मागे रेंगाळते. आणि त्या दोहोंमधील अंतरातच ऐकण्यासारखे सारे काही असते.

परंतु उत्तम व्याकरण लिहूनही एक गोष्ट निसटते. आठ सेकंद म्हणजे मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत आठ मात्रा, चार मात्रांची दोन आवर्तने. त्यापलीकडे स्वरसंघात धरून ठेवावयाचा तर वादकाने बोटे एकामागून एक उचलून पुन्हा टेकवावीत, किंवा संघातातील एखादा स्वर बदलून त्याची जागा दुसऱ्यास द्यावी. त्यामुळे वरवर स्थिर भासणाऱ्या नादाच्या पोटात सावकाश हालचाल चालू राहते. उलट, फितीला गती घेण्यास क्षणभर लागत असल्यामुळे द्रुत स्वरावली या वाद्यावर पुसट होते. म्हणून मेलोट्रॉनकडे विस्तीर्ण व विलंबित स्वरसंघात आले आणि द्रुत काम दुसऱ्यांकडे गेले. १९७० सालच्या मिनिमूगला चव्वेचाळीस पट्ट्या होत्या, पण एका वेळी एकच स्वर. तेव्हा एकट्याने पुढे येऊन गाणारा आवाज त्याचा. या दोहोंच्या मधली, अनेक स्वरांची आणि तरीही चपळ अशी जागा हॅमंडची. सोस्यूरने चिन्हाच्या मूल्याविषयी जे सांगितले ते येथे अक्षरशः लागू पडते : प्रत्येक वाद्याचे मूल्य इतरांना जे करता येत नव्हते त्यावरून ठरले होते. प्रोग्रेसिव्ह रॉकचा नाद म्हणून जे आपण ओळखतो तो या वाद्यांच्या ध्वनिगुणांची बेरीज नसून त्यांच्या परस्परविरोधाची व्यवस्था आहे.

आभासी वाद्यांनी हीच व्यवस्था मोडली. आर्टुरिया या फ्रेंच कंपनीच्या मिनिमूगमध्ये एका वेळी अनेक स्वर वाजविण्याची सोय आहे. मेलोट्रॉनचा स्वर अखंड लांबविता येतो. प्रत्येक वाद्य प्रत्येक काम करू लागले की विरोध नाहीसा होतो आणि विरोध गेला की मूल्य जाते. अशा साधनांनी केलेल्या रचना आम्ही पुष्कळ ऐकल्या. त्यांत एकूणएक ध्वनी ओळखीचा वाटतो आणि वाक्य मात्र परके वाटते. आपल्याकडील कित्येक ऐतिहासिक कादंबऱ्यांची भाषा अशीच असते; ‘मुलूख’, ‘मसलत’, ‘रवानगी’ असे शब्द जागोजाग पेरलेले, आणि वाक्यरचना आजच्या वर्तमानपत्राची. जुन्या बखरीतील वाक्य क्रियापदावर क्रियापद रचीत कसे चालत असे, याकडे लेखकाचे लक्षच नसते. शब्द गोळा करणे सोपे असते. चाल उचलणे अवघड.

यावर असा आक्षेप येईल की कलावंत हा पुराणवस्तुसंशोधक नव्हे. जुना ध्वनी घेऊन त्याने नवे काही केले तर बिघडले कोठे? काहीच बिघडले नाही. तसे करणाऱ्याशी आमचा वादच नाही. वाद आहे तो ‘अस्सल’ हा शब्द वापरणाऱ्याशी. शिवाय मूळ यंत्र हाताशी असणे हीसुद्धा अस्सलपणाची खूण नव्हे. स्टीव्हन विल्सन यांनी २०१३ च्या ‘द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग’ या संग्रहात किंग क्रिम्सनचेच जुने मेलोट्रॉन वापरले. तो संग्रह जुन्या परंपरेतला वाटतो. आणि तेथे यंत्राइतकेच श्रेय वाद्यांच्या कामाची जुनी वाटणी पाळण्यास आहे. ती वाटणी पाळणाऱ्याला आभासी वाद्यही पुरे पडेल, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

ज्यांना हे प्रत्यक्ष तपासावयाचे असेल त्यांनी जेनेसिसच्या १९७२ मधील ‘फॉक्सट्रॉट’ या संग्रहातील ‘वॉचर ऑफ द स्काइज’चा आरंभ घ्यावा. टोनी बँक्स यांचे ते एकट्या मेलोट्रॉनवरील वादन. खर्जाचा स्वर धरून ठेवून त्यावर स्वरसंघात हलतात. ‘मार्क २’ या जुन्या, अवजड प्रकाराच्या सुरांत जो विक्षेप होता, त्यात हेच संघात शोभून दिसले, म्हणून ते निवडले गेले. येथे यंत्राच्या दोषाने रचना ठरविली आहे. आता तेच संघात आधी ‘एम ४००’वरून घेतलेल्या स्वच्छ नमुन्यांवर, स्वर अखंड लांबवून, वाजवावेत, आणि मग ‘मार्क २’च्या नमुन्यांवर, आठ सेकंदांची मर्यादा पाळून, बोटे बदलीत वाजवावेत. पहिल्या वेळी स्वर सारे बरोबर असूनही दुसऱ्या संघातापाशी कान थबकत नाही. दुसऱ्या वेळी थबकतो, आणि बोटांनाही पुढे कोठे जावयाचे ते आपोआप कळू लागते.