सोडतीतला विजेता आणि खोलीतला माणूस

कादंबरीचं पान न उलटणारी माणसंही सिडकोच्या घरांची माहिती पुस्तिका तीन-तीनदा वाचतात. मोबाईलवर पीडीएफ मोठी करून, ओळीवर बोट धरून. कागदपत्रांचं पान तर अख्खं घर मिळून वाचतं. इतकं मन लावून वाचलं जाणारं दुसरं मराठी गद्य मला तरी सुचत नाही. परीक्षणं मात्र आपण कपाटात आवृत्ती संपणाऱ्या कवितासंग्रहांची लिहितो. या पुस्तिकेलाही निवेदक आहे, नायक आहे, शेवट आहे. म्हणजे समीक्षेला ती पात्र आहे. ‘पात्र’ हा तिचाच लाडका शब्द.

जासईत बसून ती वाचली की वेगळी दिसते. उरण तालुक्यातलं हे गाव दि. बा. पाटलांचं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला याच पट्ट्यात, जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात, जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. ज्यांच्या जमिनीवर शहर झालं, त्यांच्यासाठी सरकारी भाषेत एक शब्द आहे: प्रकल्पग्रस्त. वाढत्या कुटुंबासाठी त्यांनी गावठाणाबाहेर बांधलेल्या घरांसाठीही एक आहे: ‘गरजेपोटी’ बांधलेली घरं. हा शब्द मला फार आवडतो. सरकारी कागदात ‘गरज’ हा शब्द इतका उघडपणे क्वचित येतो.

आता पुस्तिकेतले शब्द बघा. अर्जदार. पात्र अर्जदार. विजेता. लाभार्थी. माणूस अर्जदार म्हणून आत शिरतो, सोडतीत नाव आलं की विजेता होतो, आणि चावी हातात पडेपर्यंत लाभार्थी. ‘विजेता’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. ज्याला आपण शिक्षण, पाणी, औषध यांच्या रांगेत ठेवतो, ते घर इथे बक्षीस होतं. आणि विजेता म्हटलं की न जिंकलेले आपोआप हरलेले. त्यांच्यासाठी पुस्तिकेत कलम एकच, अनामत रकमेच्या परताव्याचं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २६ हजार घरांच्या योजनेचं नाव होतं ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’. चार शब्दांत घराचे दोन मालक. विनोद म्हणून सोडून देता आलं असतं, पण नवी मुंबईची जमीन सिडकोने मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. म्हणजे इथले कितीतरी घरमालक कागदावर पट्टेदारच. भाडेकरूकडे तुच्छतेने बघणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे कुणीतरी हळूच सांगायला हवं.

योजनेत घर निवडायची मुभा होती, म्हणून ‘पसंतीचे’. पण अर्ज सुरू झाले ऑक्टोबरमध्ये आणि किमती जाहीर झाल्या जानेवारी २०२५ मध्ये. मॉलमध्ये किमतीची चिठ्ठी नसलेला शर्ट आपण हातात तरी घेतो का? जासईहून जवळ पडणाऱ्या बामणडोंगरीत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या घराची किंमत निघाली ३१ लाख ९० हजार. तळोज्यात सगळ्यात स्वस्त घर २५ लाख १० हजारांना. या घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ६ लाख, म्हणजे महिन्याला ५० हजार. प्रधानमंत्री आवास योजनेचं अडीच लाखांचं अनुदान आणि पदरचे थोडे पैसे धरून २८ लाखांचं कर्ज काढलं, तर ९ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता होतो साधारण २५ हजार. मर्यादेच्या अगदी टोकावरच्या माणसाचा अर्धा पगार. त्याहून कमी कमावणारा दुर्बल माणूस पुस्तिकेत पात्र आहे, हिशेबात नाही. पुढे किमती कमी करण्याच्या घोषणा झाल्या, पण त्या होईपर्यंत पुष्कळांनी नाद सोडला होता.

पण मला पैशांपेक्षाही या कथानकातली एक जागा महत्त्वाची वाटते. अर्जाला लागतात उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधारवरचा पत्ता. म्हणजे नायक होण्यासाठी माणूस आधीपासून कुठेतरी राहत असल्याचा पुरावा हवा. आणि जो भाड्याच्या खोलीत राहतो, दर ११ महिन्यांनी नाहीतर मालकाच्या मनाला येईल तेव्हा खोली बदलतो, त्याच्याकडे नेमका तोच नसतो. घराची गरज ज्याला जास्त, त्याचा पत्ता कच्चा.

जासईच्या आसपास हा माणूस रोज दिसतो. जेएनपीटीच्या कंटेनर यार्डांत, गोदामांत, विमानतळाच्या आणि अटल सेतूच्या कामावर आलेली पोरं गावातल्या खोल्यांत राहतात. एका खोलीत चार जण, डिपॉझिट रोख, पावती नाही. मालक बऱ्याचदा प्रकल्पग्रस्त कुटुंबातला. शेती गेली, नोकरी मिळाली नाही, भाडं हेच उत्पन्न. त्याला खलनायक करून गोष्ट सोपी होईल, पण खोटी होईल. ज्या घराच्या स्वतःच्या कागदांचा प्रश्न वर्षानुवर्षं लटकलेला, त्याचा मालक भाड्याचा करार नोंदवायला कचरतोच. एकाची टांगती तलवार अशी दुसऱ्याच्या डोक्यावर येते.

तर तो करार. पुस्तिकेनंतर माझ्या मते आपल्या पिढीने वाचायलाच हवा असा दुसरा मजकूर. ‘११ महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ हे एजंट छातीठोकपणे सांगतो. देशाच्या नोंदणी कायद्यात एका वर्षाची रेषा आहे, तिथून हा समज आला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्यापुढचं वाक्य तर एखाद्या कथाकाराने लिहावं तसं आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे कायदा इथे गरीब पक्षाला विश्वासार्ह निवेदक मानतो. ‘डिपॉझिट ३० हजार दिलं होतं’ असं तुम्ही म्हणालात की ते खोटं ठरवायचं ओझं समोरच्यावर.

आणि कलम २४ वाचलं की हाच निवेदक गप्प होतो. लायसन्सचा लेखी करार झाला, की त्यात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा. मुदत संपली, खोली सोडली नाही, तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई. ‘भाडेकरू’ हा शब्दही करारातून गायब असतो. तुम्ही ‘लायसेन्सी’ असता, वापराची परवानगी मिळालेला पाहुणा. वर्षानुवर्षं राहूनही पाहुणाच. त्यामुळे सही करण्याआधी तीन ओळी शोधा: डिपॉझिट किती दिवसांत परत, त्यातून काय कापणार, आणि नोटीस किती दिवसांची. एक गोम आहे. हा कायदा सगळीकडे सारखा लागू नाही. परिशिष्टांत दिलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो, तेव्हा आपलं गाव त्यात बसतं का ते आधी बघायचं.

खर्चाची भीती बहुधा दलालीने वाढवलेली असते. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये, शहरात १,०००. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटचा त्यात किरकोळ भार. सात हजार भाड्याच्या खोलीचं ११ महिन्यांचं शुल्क होतं २०० रुपयांच्या घरात. नोंदणी ऑनलाइन होते, बोटाच्या ठशावर. हा कागद हातात आला की आधारचा पत्ता बदलणं सोपं जातं, आणि पुस्तिकेच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवता येतो.

आपल्या सिनेमाने भाडेकरू फार कमी वेळा नायक केला. भीमसेन यांच्या ‘घरौंदा’त (१९७७) अमोल पालेकरचा सुदीप खोलीत मित्रांसोबत राहतो, पण त्याची अख्खी धडपड स्वतःच्या फ्लॅटसाठी. बिल्डर पळतो आणि प्रेमही सडायला लागतं. सिनेमा चांगलाच आहे, तरी भाड्याच्या खोलीत नीट जगता येईल ही शक्यता त्याच्याही मनाला शिवत नाही. याला उत्तर सईद मिर्झांच्या ‘मोहन जोशी हाजिर हो!’चं. १९८४ चाच सिनेमा. म्हातारा भाडेकरू इमारत दुरुस्त करा एवढ्यासाठी कोर्टात जातो. त्याला मालक व्हायचं नाहीये. राहायचंय, आणि डोक्यावरचं छत नीट हवंय. वकील त्याला पिळतात, तारखा पडत राहतात, आणि न्यायाधीश पाहणीला येतात तेव्हा मालकाने इमारतीला तात्पुरते टेकू लावून ठेवलेले असतात. जोशी ते टेकूच ओढतो. हसत बघायला बसलेला माणूस शेवटी उठताना हसत नाही. भाडेकरूचा हक्क म्हणजे काय हे त्याने जितकं नीट सांगितलं, तितकं मराठी सिनेमाने सांगितल्याचं मला आठवत नाही.

सरकार स्वतः घरमालक होतं तो काळही फार लांबचा नाही. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी भाड्याने दिलेल्या. व्हिएन्नाची महापालिका आजही सुमारे २ लाख २० हजार घरांची मालक आहे आणि तिथला भाडेकरू कुणाचा विजेता नसतो. आपल्याकडे २०२० मध्ये, स्थलांतरित मजूर पायी घरी निघाले तेव्हा, केंद्राला परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची आठवण झाली आणि योजना आली. बीडीडीचा पुनर्विकास होतोय, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना मालकीच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत गेलेल्या त्या लोकांचा आनंद खराच आहे. पण १६० फुटांची सरकारी भाड्याची खोली त्यासोबत एक-एक करून संपतेय, आणि जासईत खोली शोधणाऱ्या पोराला आज परवडलं असतं ते तेवढंच.