जंगलाचा कारभार आणि स्त्रियांचे म्हणणे

दसऱ्याच्या सुमारास दादरच्या फुलबाजारात आपट्याच्या डहाळ्यांचे भारे घेऊन ठाणे-पालघरकडच्या आदिवासी स्त्रिया बसलेल्या दिसतात. किती तोडले तर झाड पुन्हा फुटते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. पण जंगलाचे नियम जिथे ठरतात, तिथे अशा स्त्रियांचे म्हणणे कितपत पोचते? बीना अगरवाल यांच्या ‘जेंडर अँड ग्रीन गव्हर्नन्स’ (२०१०) या ग्रंथाचा विषय हाच आहे.

अगरवाल या अर्थशास्त्रज्ञ. ‘स्त्री मुळातच निसर्गाच्या जवळ असते’ हे गोड गृहीतक त्यांना मान्य नाही. सरपण-चारा गोळा करण्याचे काम ज्याच्या वाट्याला येते त्याला जंगल कळते आणि बंदीची झळही त्यालाच बसते, अशी त्यांची मांडणी. गुजरात व नेपाळमधील वनसमित्यांची पाहणी करून त्यांनी ती तपासली. कार्यकारिणीत स्त्रिया पाव ते एक तृतीयांश झाल्या की त्यांचा सहभाग परिणामकारक होऊ लागतो. आणि हे प्रमाण जास्त असेल तिथे जंगलाची स्थितीही अधिक सुधारलेली आढळते.

समतेसारखा प्रश्न मोजता येईल अशा रूपात मांडला, हे आम्हांला या ग्रंथाचे मोठे बळ वाटते. मात्र सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. लेखिकेने इतर घटकांचा प्रभाव वेगळा काढला आहे; तरी जिथे गावाची एकी आधीपासूनच चांगली, तिथे स्त्रियाही पुढे आल्या आणि जंगलही राखले गेले, ही शक्यता पुरती मिटत नाही.

दुसरी मर्यादा काळाची. ही पाहणी वनहक्क कायद्याच्या (२००६) आधीच्या व्यवस्थेची आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला; तिथे निर्णय ग्रामसभेचा असतो. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेला हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. नियम हजेरी मोजतो. बोलणे मोजत नाही. ते काम संशोधकांनी आता महाराष्ट्रात करायला हवे.

मोजणीचा हा धडा शाळेतही घेता येईल. शिक्षणहक्क कायद्यानुसार (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असतात. गिरगाव-परळच्या शिक्षकांनी वर्षभराची इतिवृत्ते काढून दोन रकाने भरावेत: विषय कोणी मांडला आणि निर्णय कोणाच्या सूचनेवरून झाला. ते सह्यांच्या पानाशेजारी ठेवून वरच्या वर्गातील मुलांना ताडून पाहायला सांगावे.