शिलेची खूण आणि शिलेची वही

जुन्या वास्तूचा एखादा भाग उतरवून पुन्हा उभारण्याचा प्रसंग येतो, तेव्हां प्रत्येक चिरा कोठून काढला व कोठें ठेवला याची नोंद हाच त्या कामाचा खरा पाया होय. या नोंदीसाठीं अलीकडे आरएफआयडी नांवाच्या रेडिओ-खुणा सुचविल्या जातात. अशी खूण एकदां चिऱ्यास बसविली म्हणजे तो हरवण्याचें भय उरलें नाहीं, असा एक समज त्यामुळें पसरूं लागला आहे. या समजाचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं आम्ही कंबोडियांतील बाफुओन मंदिराच्या पुनर्रचनेचा दाखला घेतों. कारण खूण शिल्लक राहून ज्ञान नष्ट झाल्याचें याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

प्रथम साधनाचे गुण सांगणें न्याय्य होईल. टोलनाक्यावर मोटारीच्या कांचेवरील फास्टॅग ज्या तत्त्वानें वाचला जातो, तेंच तत्त्व येथें आहे. अशा साध्या खुणेंत बॅटरी नसते. वाचणाऱ्या यंत्राच्या रेडिओ-लहरींतूनच तिला शक्ति मिळते व ती आपला क्रमांक उलट कळविते. रंगानें घातलेला आंकडा पावसानें धुपतो, शेवाळाखालीं झांकला जातो. ही खूण मात्र चिरा न उलथतां, धुळीच्या थराआडूनही वाचतां येते. शेंकडों चिऱ्यांची मोजदाद थोडक्या वेळांत होते, व एखादा चिरा आपल्या जागीं नसल्यास तें तत्काळ ध्यानांत येतें. उलटपक्षीं, ओल व धातु यांच्या सान्निध्यांत वाचन अडखळतें, आणि खुणेचें आयुष्य दशकांत मोजावयाचें असतें, शतकांत नव्हे. परंतु हे दोष गौण होत. मुख्य गोष्ट अशी कीं, खुणेंत बहुधा केवळ एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा अर्थ अन्यत्र, म्हणजे संगणकांतील वहींत, सांठविलेला असतो.

आतां बाफुओनकडे वळूं. अंगकोर येथील हें शिवमंदिर ११ व्या शतकाच्या मध्यास, दुसरा उदयादित्यवर्मा याच्या काळांत उभें राहिलें. टप्प्याटप्प्यानें चढत जाणाऱ्या या प्रचंड चौथऱ्याच्या पोटांत वाळूचा भराव होता. त्याच्या दाबामुळें व पाण्याच्या शिरकावामुळें बाहेरील दगडी बांधणी ढासळत गेली. फ्रान्सच्या अतिपूर्वविद्या-संस्थेनें १९६० सालीं बर्नार-फिलिप ग्रोलिए यांच्या देखरेखीखालीं मंदिर पद्धतशीर उतरविण्यास आरंभ केला. सुमारें ३,००,००० दगड खुणा घालून भोंवतालच्या रानांत मांडून ठेवण्यांत आले. इ. स. १९७० मध्यें यादवी युद्ध भडकलें आणि काम बंद पडलें. पुढें ख्मेर रूज राजवटीच्या काळांत (१९७५ ते १९७९) त्या खुणांचा उलगडा करणारे नकाशे व कागद नष्ट झाले. दगड होते, खुणा होत्या. वही तेवढी नव्हती.

त्या दगडांवर रंगाच्या खुणांऐवजीं रेडिओ-खुणा असत्या, तर काय फरक पडला असता? आमच्या मतें कांहींच नाहीं. यंत्रानें तीन लक्ष क्रमांक बिनचूक वाचून दाखविले असते, आणि त्यांतील एकाही क्रमांकाचा अर्थ कोणास सांगतां आला नसता. साधन नवें झाल्यानें परावलंबन कमी होत नाहीं, उलट वाढतें. कारण रंगाचा आंकडा निदान डोळ्यांस दिसतो, रेडिओ-खुणेस यंत्रही लागतें आणि वहीही लागते.

इ. स. १९९५ मध्यें पास्कल रुवायेर यांच्या नेतृत्वाखालीं काम पुन्हा सुरू झालें, तेव्हां हातीं काय होतें? पॅरिस येथें सुरक्षित राहिलेलीं जुनीं छायाचित्रें, पूर्वीं तेथें काम केलेले वास्तुशास्त्रज्ञ जाक द्यूमार्से यांचा अनुभव, आणि खुद्द दगडांची घडण. बाफुओनची बांधणी चुन्याविना केलेली आहे. प्रत्येक दगड शेजारच्या दगडाशीं घासून बसविलेला असल्यानें त्याची जागा एकच. त्यामुळें सांधा, गलथा आणि नक्षीची रेघ यांवरूनच दगडाचें स्थान ठरवावें लागलें. सोळा वर्षांनीं, २०११ च्या जुलै महिन्यांत, हें कार्य पूर्ण झालें. या चिकाटीस आम्ही मनःपूर्वक नमस्कार करितों. पण जें ज्ञान एकदां कागदावर होतें, तें पुन्हा मिळविण्यास इतकीं वर्षें खर्ची पडावीं, हा या विजयाच्या पाठीमागील तोटा विसरतां कामा नये.

या कामांत याहूनही सूक्ष्म असा एक प्रश्न होता. १५ व्या-१६ व्या शतकांच्या सुमारास मंदिर बौद्धांकडे गेल्यावर त्याच्या पश्चिम अंगास सुमारें ७० मीटर लांबीची निजलेल्या बुद्धाची आकृति रचली गेली, आणि त्यासाठीं मंदिराच्या वरच्या भागाचे दगड वापरले असावेत असें अभ्यासक मानतात. मग अशा दगडाचा पत्ता कोणता लिहावयाचा? शिवमंदिराच्या शिखरांतील कीं बुद्धाच्या देहांतील? पुनर्रचनाकारांनीं बुद्ध राखला. शिखर परत मिळविण्यासाठीं तो मोडला नाहीं. हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो, कारण दगडाचें दुसरें आयुष्यही इतिहासच आहे. परंतु तो निर्णय इतिहासकाराचा आहे, यंत्राचा नव्हे. वहींत एका क्रमांकापुढें एकच रकाना ठेवला, तर त्या रकान्यानेंच एका काळाचा पक्ष घेतला असें होईल.

यासंबंधांत जर्मनींतील ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्खेची तुलना उद्बोधक आहे. फेब्रुवारी १९४५ मध्यें कोसळलेल्या या चर्चचा ढिगारा १९९३ पासून उपसतांना उपयोगी दगड मोजून त्यांची सूचि करण्यांत आली, आणि ते कोठें बसत असावेत हें ठरविण्यास संगणकाचें साहाय्य घेतलें गेलें. ८,५०० हून अधिक मूळ दगड हातीं आले, त्यांपैकीं सुमारें ३,८०० पुन्हा योजले गेले. येथेंही संगणकानें सुचविलें, ठरविलें मात्र माणसांनीं. शिवाय जुने दगड काळवंडलेले व नवे फिकट असल्यानें २००५ सालीं पूर्ण झालेल्या या वास्तूच्या भिंतीवर काय अस्सल व काय पुरवणी हें पाहणारास सहज कळत असे. तेथें भिंतच आपली वही झाली होती.

आमच्या वाचकांस हा सर्व विचार परका वाटूं नये. पेशवे दफ्तरांतील कागद रुमालांत बांधलेले आहेत. कागद रुमालांतून सुटला व कोणत्या रुमालांतील हें कळेनासें झालें, म्हणजे त्याची साक्ष निम्म्यानें दुबळी होते, हें संशोधकांस सांगावयास नको. चिऱ्याचेंही तसेंच आहे. इ. स. २०२५ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांचे ढासळते बुरूज व तट यांची दुरुस्ती होईल, आणि तेथें ही नवीं साधनें आज ना उद्यां येतीलच. तीं यावींत, आमचा विरोध साधनास नाहीं. मात्र त्यांजबरोबर तीन गोष्टी अवश्य असाव्या. चिऱ्याच्या आंतल्या, न दिसणाऱ्या अंगास डोळ्यांनीं वाचतां येईल असा आंकडाही घालावा. वही एकाच संगणकांत न ठेवतां तिच्या छापील प्रति निरनिराळ्या गांवच्या ग्रंथालयांत ठेवाव्या. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेंही कामाच्या नोंदी सार्वजनिक संस्थेंत अभ्यासकांस खुल्या असाव्या व शक्यतों प्रसिद्ध व्हाव्या असा आग्रह धरला आहे. तिसरें, चिऱ्याचें स्थान प्रत्यक्ष पाहून लिहिलें कीं अनुमानानें, तें कोणीं व केव्हां लिहिलें, आणि त्या चिऱ्याची याआधींची जागा माहीत असल्यास ती कोणती, हें प्रत्येक नोंदीपुढें यावें.

बाफुओन आज उभें आहे, तें खुणांमुळें नव्हे; दूर पॅरिसमध्यें पडून राहिलेल्या छायाचित्रांमुळें व दगड वाचूं शकणाऱ्या माणसांमुळें. खूण दगड कोठें आहे एवढेंच सांगते. तो कोणाचा, केव्हांचा व कशावरून, हें वहीस सांगावें लागतें. आणि वही जपण्याचें काम कोणतेंही यंत्र आपल्यासाठीं करणार नाहीं.