प्रिंटरला मराठी येत नाही? मग इंग्रजी तरी कुठे येतं!



गळीत हंगामात शिरूर-दौंड पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या वजनकाट्यावर लागतात. वजन झालं की पावती हातात पडते. मी पाहिलेल्या बऱ्याच पावत्यांवर ग्रॉस, टेअर, नेट आणि शेतकऱ्याचं नावसुद्धा रोमन लिपीत होतं. का, म्हणून विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं, "प्रिंटरला मराठी येत नाही." आज या उत्तराचीच चिकित्सा करूया. त्या कागदावर वर्षभराच्या पिकाचा हिशोब असतो, तो ज्याचा त्याला वाचता यायला हवा.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला खरं तर फक्त ठिपके येतात. टेक्स्ट मोडमध्ये संगणक ६५ हा आकडा पाठवतो आणि प्रिंटर आपल्या रॉममधला रोमन 'ए'चा नकाशा काढून पिना मारतो. त्या रॉममध्ये देवनागरीचे नकाशे सहसा नसतात. उत्तरातला खरा भाग एवढाच.

पण दुसरा रस्ता आहे, ग्राफिक्सचा. एप्सनच्या २४ पिनी पद्धतीत संगणक २७, ४२, ३९, १६०, ५ हे आकडे पाठवतो. पहिले दोन सांगतात, 'आता चित्र येतंय.' ३९ म्हणजे इंचाला १८० ठिपके. शेवटचे दोन म्हणजे १६० अधिक ५ गुणिले २५६, म्हणजे १४४० उभे स्तंभ. दर स्तंभाला ३ बाइट, म्हणजे ८ इंची ओळीला ४३२० बाइट. तीच ओळ टेक्स्टमध्ये ८० बाइटांत होते. चोपन्न पट फरक!

इथे बफरचा प्रश्न येतो. बफर म्हणजे प्रिंटरमधली छोटी साठवण. ती भरली की प्रिंटर 'थांब' असा इशारा देतो आणि संगणक वाट बघतो. ९६०० बॉडच्या सिरियल केबलमधून सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात, म्हणजे चित्राच्या एका ओळीला साडेचार सेकंद. मागे ट्रॉल्यांची रांग असताना काटेवाला वैतागणारच. त्याची अडचण खोटी नाही.

आणखी एक गोम आहे. १४४० स्तंभ सांगून प्रोग्राम मध्येच बंद पडला, तर प्रिंटर उरलेल्या बाइटांची वाट बघत बसतो. मग पुढच्या पावतीची अक्षरं तो ठिपके समजून छापतो. उलट, सांगितलं कमी आणि पाठवलं जास्त, तर उरलेले ठिपके अक्षरं म्हणून उमटतात. पावतीवर दिसणारा तो 'कचरा' असा तयार होतो. लोक म्हणतात मराठीमुळे प्रिंटर बिघडला. प्रत्यक्षात मोजणी चुकलेली असते.

मग उपाय काय? सगळी पावती चित्र म्हणून पाठवायची गरजच नाही. 'भरलेलं वजन', 'रिकामं वजन', 'निव्वळ वजन' हे शब्द कधी बदलत नाहीत. ते कागदावर आधीच छापून घ्या. आकडे टेक्स्टमध्ये जाऊ द्या. फक्त शेतकऱ्याचं नाव चित्र म्हणून पाठवा. तीन इंची नाव म्हणजे ५४० स्तंभ, १६२० बाइट, पावणेदोन सेकंदांच्या आत काम! रेफ आणि उकार नीट दिसावेत म्हणून डोक्याच्या दोन फेऱ्या केल्या, तरी साडेतीन सेकंद.

यात नवं काही नाही. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं, आणि सी-डॅकची स्थापना १९८८ची. डॉसच्या जमान्यातल्या पीसीवर जिस्ट कार्ड लावून देवनागरी दिसायची आणि छापलीही जायची. म्हणजे शिरूरपासून दीड-दोन तासांवरच्या शहरात हा प्रश्न कधीच हाताळला गेलाय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. 'मराठी छापायला वेळ लागतो' हे उत्तर प्रामाणिक आहे. त्यावर चर्चा होऊ शकते. 'प्रिंटरला मराठी येत नाही' हे उत्तर चर्चाच बंद करतं, कारण माणसाने घेतलेला निर्णय ते यंत्राच्या नावावर खपवतं. पुढच्या वेळी हे ऐकलंत तर एवढंच विचारा, "सॉफ्टवेअर कोणी बनवलंय?"