कुणाशी तरी बोलू द्या

जॉन बॅडम यांचा ‘वॉरगेम्स’ हा 1983 चा सिनेमा बहुतेकांच्या लक्षात आहे तो एका उपद्व्यापी मुलाची गोष्ट म्हणून. घरच्या कॉम्प्युटरवर नवे गेम शोधता शोधता डेव्हिड अमेरिकी लष्कराच्या यंत्रात शिरतो, अणुयुद्धाचा डाव मांडतो आणि यंत्राला खेळ कुठला नि युद्ध कुठलं हे कळत नाही. गोष्ट रंजक आहेच. मी मात्र हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघतो तो त्यातल्या टेलिफोनसाठी.

पहिलाच प्रसंग घ्या. जमिनीखाली, क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणकक्षात दोन अधिकारी कामावर आलेत. इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्यात आणि आदेश येतो. सांकेतिक अक्षरं जुळतात. दोघं आपापली चावी बसवतात. चाव्या एकाच वेळी फिरवायच्या आणि त्यांच्यात अंतर एवढं, की एकट्याचे हात दोन्हींपर्यंत पोचू नयेत. इथं वरिष्ठ थांबतो. दोन कोटी माणसं मारायच्या आधी त्याला कुणाशी तरी फोनवर बोलायचंय. बस्स, एवढंच. तो युद्धाच्या विरोधात नाही, भाषणही ठोकत नाही. फोनवर कुणी मिळत नाही. धाकटा त्याला नियमाची आठवण देतो आणि मग पिस्तूल रोखतो. प्रसंग तिथंच तुटतो.

पुढच्या बैठकीत कळतं की ती परीक्षा होती आणि 22 टक्के अधिकाऱ्यांनी चावी फिरवलीच नाही. मग मॅककिट्रिक हा तज्ज्ञ तोडगा मांडतो: खाली बसलेली माणसं काढा, ‘व्हॉपर’ या लष्कराच्या कॉम्प्युटरला क्षेपणास्त्रं थेट जोडा. हल्ला करायचा की नाही हे राष्ट्राध्यक्षच ठरवतील, फक्त त्यांच्या आदेशाची अंमलबजावणी यंत्र करील. युक्तिवाद वाटतो तितका खुळचट नाही. निर्णयाला मिनिटं उरली असताना पाचातला एक हात आखडणार असेल, तर शत्रूला धाक कसला? या प्रश्नाला सिनेमा सरळ उत्तर देत नाही. मॅककिट्रिकला थोडा घमेंडखोर दाखवून तो निसटतो, ही मला त्यातली पळवाट वाटते. विरोध करतो तो जनरल बेरिंजर. तंबाखू चघळणारा, गावरान बोलीचा हा गडी. यंत्राविरुद्ध माणसाची बाजू एखाद्या शांततावाद्यानं नव्हे, गणवेशातल्या माणसानं मांडावी, यात लेखकद्वयाची, लॉरेन्स लास्कर आणि वॉल्टर पार्क्स यांची, चतुराई दिसते.

मधल्या भागात फोनच फोन. डेव्हिड रिसीव्हर उचलून मोडेमच्या रबरी वाट्यांत बसवतो आणि माणसांसाठी केलेल्या तारेतून यंत्रं एकमेकांशी बोलू लागतात. पुढं त्याला मैत्रिणीला फोन करायचा असतो आणि खिशात नाणं नसतं, तेव्हा रस्त्यात पडलेल्या डब्याच्या पत्र्याच्या तुकड्यानं तो सार्वजनिक फोनला चकवतो. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास ताटकळलेल्या आपल्याकडच्या पिढीला या प्रसंगात वेगळीच मजा येईल.

पण सगळ्याचं चीज होतं ते नोरॅडच्या, म्हणजे हवाई संरक्षणाच्या मुख्यालयाच्या, कक्षात. भिंतीभर पडदे, त्यांवर सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या रेषा अमेरिकेकडे सरकतायत. छायालेखक विल्यम फ्रेकर यांनी कक्ष अंधारात ठेवलाय. चेहऱ्यांवर जो काही उजेड पडतो, तो पडद्यांचा. माणसं यंत्राच्या प्रकाशात दिसतात, हे इथं शब्दशः खरं आहे. यंत्राचा जनक फाल्कन येऊन सांगतो की हे सगळं यंत्राचं स्वप्नरंजन आहे. बेरिंजरकडे पडदा खोटा ठरवायला दुसरं काही नाही. मग तो प्रतिहल्ला रोखून धरतो आणि जिथं पहिले स्फोट व्हायचेत त्या तळांशी संपर्क जोडून घेतो. पडद्यावर स्फोटांची वर्तुळं उमटतात. शांतता. जनरल विचारतो, कुणी आहे का? पलीकडून खरखरत आवाज येतो: आहोत, अजून इथंच आहोत. सुरुवातीच्या अधिकाऱ्याला जो फोन मिळाला नाही, तो शेवटी जनरलला मिळतो. पडदा आणि आवाज यांत आवाज खरा ठरतो, आणि कुणी तसं म्हणूनही दाखवत नाही.

यानंतरचा फुली-गोळ्याचा शेवट लोकप्रिय आहे. यंत्र स्वतःशी खेळून शहाणं होतं, टाळ्या पडतात. मला तो गोड वाटतो, खरा नाही. यंत्र सुधारेल या आशेपेक्षा यंत्राबाहेरच्या कुणाला तरी विचारता यावं, ही तजवीज मोठी.

वास्तवात नेमकं तेच घडलं होतं. 3 जून 1980 ला 46 सेंटची एक चिप बिघडली आणि शून्याच्या जागी 2 हा आकडा उमटून अमेरिकेच्या लष्करी पडद्यांवर सोव्हिएत क्षेपणास्त्रं दिसू लागली. इशारा देणाऱ्या उपग्रहांना नि रडारना थेट विचारल्यावर कळलं, आकाश मोकळं आहे. बरोबर तीन वर्षांनी, 3 जून 1983 ला, हा सिनेमा झळकला. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव-15 इथं लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव यांच्यासमोर उपग्रहयंत्रणेनं पाच क्षेपणास्त्रं दाखवली. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश होता तो. यंत्रणा खात्रीनं बोलत होती, जमिनीवरच्या रडारांना मात्र काही दिसत नव्हतं. पेत्रोव यांनी फोनवरून वर कळवलं, इशारा खोटा आहे. सिनेमा लिहिताना लास्कर आणि पार्क्स यांना पेत्रोव यांची ही गोष्ट ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

चाव्यांपाशी थांबलेला तो वरिष्ठ अधिकारी मात्र सिनेमात पुन्हा दिसत नाही. बैठकीतल्या त्या 22 टक्क्यांत तो जमा झाला.