कथेतील डाग आणि तरुण व्यक्तिरेखा : ‘नितळ’च्या निमित्ताने

त्वचेवर दिसणारा विकार असलेल्या तरुण व्यक्तिरेखेचा विचार करताना प्रथम शब्दाचा विचार करावा लागतो. बऱ्हाणपूरसारख्या सीमावर्ती शहरात तर तो अटळच आहे. येथील वर्गात मराठी, हिंदी आणि उर्दू बोलणारे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. मराठीत ‘कोड’ म्हणजे त्वचेवरील पांढरे डाग. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे महारोग. दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत ‘कुष्ठ’ हेच आहे. उर्दूने मात्र अरबीतून ‘बरस’ आणि ‘जुज़ाम’ असे दोन स्वतंत्र शब्द घेतले आणि हे दोन विकार वेगळे ठेवले.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. ते संसर्गजन्य नाही. जगातील सुमारे अर्धा ते दोन टक्के लोकांना ते असते आणि पुष्कळदा त्याची सुरुवात विशीच्या आतच होते. महारोग जंतूमुळे होतो व औषधाने पूर्ण बरा होतो. तरीही महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विविध विवाह कायद्यांत होते. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यासह त्या कायद्यांतून ते 2019 मध्ये वगळण्यात आले. एका रोगावरचा हा कलंक शब्दसाम्यामुळे दुसऱ्या विकाराच्याही वाट्याला येतो.

या पार्श्वभूमीवर सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ (2006) हा मराठी चित्रपट महत्त्वाचा ठरतो. त्याची नायिका नीरजा (देविका दफ्तरदार) ही नेत्रतज्ज्ञ डॉक्टर असून तिच्या अंगावर कोड आहे. तिच्याशी लग्न करू इच्छिणाऱ्या सहकाऱ्याच्या सुशिक्षित, भरल्या घरात ती येते आणि घरातील प्रत्येकाची नजर उघडी पडते. रूढ कथेत डाग एकतर शेवटी नाहीसा होतो, नाहीतर नायिकेला त्यागमूर्ती बनवतो. ‘नितळ’ या दोन्ही वाटा टाळतो. येथे तपासणी नायिकेची होत नाही, पाहणाऱ्यांची होते. दुसऱ्यांचे डोळे तपासणे हाच नायिकेचा व्यवसाय असणे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

चित्रपटाची मर्यादाही येथेच आहे. नीरजा बुद्धिमान, स्वावलंबी आणि संयमी आहे. तिच्या गुणांचे पारडे इतके जड आहे की तिला नाकारणारा आपोआप चुकीचा ठरतो. पण बारावीत नापास झालेली, चिडखोर, सामान्य मुलगी त्या घरात आली असती तर? गुणांनी डागाची भरपाई झाली पाहिजे, ही अपेक्षा कथेने नकळत मान्य केलेली दिसते. शिवाय कसोटी लग्नाचीच आहे. कोड असलेल्या तरुणाची मैत्री, नोकरी वा एकटेपण हे प्रश्न कथेबाहेरच राहतात.

ही युक्ती नवी नाही. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिज़ने ‘बरस’ असलेले, लंगडे, आंधळे व तिरळे यांच्याविषयी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अशा व्यक्तींमधील सरदार, कवी व मान्यवरांच्या हकिगती आणि काव्य त्याने एकत्र केले. शारीरिक वैगुण्य मोठेपणाच्या आड येत नाही, हे त्यातून ठसते. मात्र पुराव्यासाठी थोरांचीच यादी लागते, हेही त्यातून दिसते. जॉन अपडाइक यांच्या 1976 मधील एका इंग्रजी कथेची दिशा उलटी आहे. तिच्यातील सोरायसिस झालेला कुंभार स्वतःला महारोगी म्हणवतो. पण त्वचा बरी होऊ लागते तसे त्याचे प्रेम आणि कलेतील कस दोन्ही ओसरतात. बरे होणे म्हणजे सुखान्त, हे समीकरण ही कथा मोडते; परंतु उसना शब्द तिथेही सुटत नाही.

अध्यापकांच्या दृष्टीने यातून तीन प्रश्न हाती येतात. कथेत पाहणारा कोण आहे? डागाची किंमत व्यक्तिरेखेला कोणत्या गुणाने चुकवावी लागते? आणि लेखक विकाराला कोणते नाव देतो? वर्गात असा विद्यार्थी बसलेला असतोच, असे धरून हे प्रश्न विचारावेत. त्याला उदाहरण म्हणून उभे करण्याची गरज नाही. ज्या कथेत सामान्य मुलाला सामान्य राहूनही जागा मिळेल, ती कथा मराठीत अजून पुरेशी लिहिली गेलेली नाही, एवढे त्याच्यापर्यंत पोहोचले तरी चर्चेचे सार्थक होईल.